निस्तं आपलं नाव

सिंगापूरच्या जपानी कैदेतून सुटून मुंजाजी पिंगळीला घरी आला, तेव्हा त्याच्या गाठीला जपानीतली दोनचार वाक्यंच होती. पण निजामाच्या शाळेतल्या उर्दूला घाबरून पळणारी पोरं त्या वाक्यांवर अशी तुटून पडली, की ओसरीवर पाय ठेवायला जागा उरली नाही.

“आदी ‘वाताशी वा’, म्हंजी ‘मी’, मग नाव, मग ‘देस’, म्हंजी ‘हाय’,” मुंजाजी म्हणाला. “निस्तं आपलं सोताचं नाव. बापाचं न्हाई, घराण्याचं न्हाई. आन् समोरच्यानं कमरेत वाकून आपलं नाव सांगायचं. पयल्या भेटीची रीतच हाय तशी.”

“वाताशी वा बन्सी देस!” “वाताशी वा नर्मदा देस!” एकच गिल्ला झाला.

कोपऱ्यात तूर पाखडणाऱ्या त्याच्या आईनं, कस्तुराबाईनं, सूप खाली ठेवलं. “मला बी म्हणू दे की रे!” पदर सावरत ती उठली आणि पोरांच्या वरताण आवाजात म्हणाली, “वाताशी वा गोजरा देस!”

पोरं खदखदून हसली. “आजी, चुकली तू! तू तर कस्तुराबाई!”

“ते सासरचं. लग्नात तांदळात लिहून ठिवलेलं,” ती म्हणाली. तिचे डोळे लकलक करत होते. “तेच्या आदी मी गोजराच व्हते!”

मुंजाजी बघतच राहिला. हे नाव त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. मग तो उठला, आईसमोर कमरेत वाकला आणि म्हणाला, “वाताशी वा मुंजाजी देस.”