हट्टी मंडळी

दादांचे जुलाब थांबेनात. आतड्यातले जंतू कुठल्याच अँटिबायोटिकला जुमानत नव्हते.

“इतक्या औषधांनी चांगले जंतू मेले, हट्टी तेवढे उरले,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आता निरोगी माणसाच्या विष्ठेतले चांगले जंतू तुमच्या पोटात सोडू. ते या मंडळींना हुसकावतील.”

विष्ठा देण्यासाठी घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली; त्यात पास झाला तो नेमका दादांचा धाकटा भाऊ. त्याच्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही, अशी दादांची शपथ होती.

“दुसऱ्या कुणाची नाही का मिळणार?” दादा पुटपुटले.

शेवटी देव धाकट्याच्या पोटातून धावून आला आणि दादा ठणठणीत बरे झाले. दवाखान्यातून धाकट्याने गाडी थेट स्वतःच्या दारात आणली. पाण्याचा पेला पुढे केला, तर दादांचा हात काही उचलेना.

“घे रे दादा,” धाकटा म्हणाला, “या वेळी नुसतं पाणीच आहे.”