गाण्याआधीचं बोलणं

“हाच का आवाज, आजी?” अर्पितानं विचारलं.

धुरपदाबाईंनी हात वर करून तिला गप केलं. लॅपटॉपमधून ओवी येत होती, तिच्यामागं जात्याची घरघर.

सासर माझं बाई, भरल्या दुधाचा गं डेरा
सासूबाईच्या पदराचा, मला उन्हाळ्यात वारा

“गिरिजाच हाय,” ओवी संपल्यावर धुरपदाबाई म्हणाल्या. “माझी थोरली भण. तिचा एक फोटू सुदीक न्हाय आमच्याकडं.”

अर्पिता धाराशिवची. रेडिओच्या जुन्या फिती ऐकायच्या, काँप्युटरवर उतरवायच्या आणि त्यांतल्या बायका कोण, कुठल्या, ते गावोगाव फिरून शोधायचं, हे तिचं काम. या फितीच्या डब्यावर ‘जात्यावरच्या ओव्या, भूम तालुका, १९७३’ एवढंच लिहिलेलं होतं. गाणारीचं नाव गिरिजा आणि माहेर तेर, हे तिला फितीतूनच कळलं होतं. दोन दिवस तेरमध्ये विचारत विचारत ती या ओसरीवर पोचली होती.

“ही ओवी आमी पंचायतीच्या रेडिओवर ऐकली,” धुरपदाबाई सांगू लागल्या. “म्या पंधरा वर्साची. अख्खं गाव जमलं हुतं. आण्णानं गूळ वाटला.”

ते दिवस आषाढाचे होते. पंचमी तोंडावर आली होती. भूमकडून आलेली एक बाई सांगून गेली होती की गिरिजा लई वाळलीय, पार वळखू येत नाही. तेव्हापासून आईनं अण्णांच्या मागं धोशा लावला होता, पोरीला घेऊन या म्हणून. अण्णांनी जायचा दिवसही धरला होता. तेवढ्यात रेडिओवर ती ओवी लागली. दुधाचा डेरा आणि पदराचा वारा ऐकून आईचंही तोंड बंद झालं. “उगं लोकांचं ऐकून जीव काढला माझा,” अण्णा हसत म्हणाले. “पेरणी अर्धी ऱ्हायलीय. दिवाळीला आणू तिला.”

श्रावण सरायच्या आत निरोप आला. विहिरीवर पाय घसरला, असं सासरचे म्हणाले. तेरची माणसं पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

“आण्णा मरंस्तोवर एकच म्हणायचे,” धुरपदाबाई म्हणाल्या. “पोरीनं एक शब्द तरी टाकायचा हुता. मी अनवाणी गेलो असतो.”

अर्पितानं लॅपटॉप मिटायला हात लावला. मग तसाच ठेवला.

“आजी, या फितीवर अजून थोडं आहे. रेडिओवर ते लागलं नव्हतं. तुम्हाला ऐकवावं की नाही, मला कळत नाही.”

बलभीम, धुरपदाबाईंचा लेक, दारात उभा होता. “नगं, आई,” तो म्हणाला. “झालं गेलं.”

“लाव,” धुरपदाबाई म्हणाल्या.

आधी नुसती खरखर आली. मग गिरिजाचा आवाज, या वेळी साधा, बोलण्यातला. “दादा, ह्यो रेडिओ आमच्या तेरला ऐकू येतो का?”

“येतो की,” एक पुरुष म्हणाला. “सगळीकडं येतो.”

मग गिरिजा एकदम घाईनं, दबक्या आवाजात बोलू लागली. “आण्णा, मी गिरिजा. मला घेऊन जा. पंचमीची वाट बघू नगा, पैल्या यस्टीनं या. हितं मला उपाशी ठिवत्यात, मारत्यात. सासूबाई भाईर बसल्यात, म्हणून हळू बोलतीय. आण्णा, तुमी आला न्हाय तर…”

धुरपदाबाई उठून उभ्या राहिल्या. कुठं जायचं हे त्यांना कळेना. अण्णा तीस वर्षांपूर्वी गेले, आई त्याच्याही आधी. हा निरोप ज्याच्याकडं न्यावा असं आता कुणीच उरलं नव्हतं. त्या खांबाला धरून परत खाली बसल्या.

“गाणं झाल्यावर बोलली व्हय ती हे?” त्यांनी विचारलं.

“नाही, आजी. आधी.”

अर्पितानं फीत थांबवली नव्हती. त्या पुरुषाचा आवाज आला, समजूत घालावी तसा. “बाई, असलं रेडिओवर चालत नाही. हे आम्ही काढून टाकू. तुम्ही सासरचं काहीतरी गोड म्हणा.”

गिरिजानं घसा खाकरला. जातं फिरायला लागलं.

अर्पितानं घाईनं आवाज बंद केला.

बलभीमची थोरली, शिवकन्या, गेल्या वैशाखात परांड्याकडं दिली होती. याच अंगणात तिची हळद झाली होती आणि धुरपदाबाईंनी हौसेनं हीच ओवी म्हटली होती. पोरगी रोज संध्याकाळी न चुकता फोन करायची, दोन मिनिटं.

“बलभीम,” धुरपदाबाई म्हणाल्या, “गाडी काढ. शिवकन्याकडं जायचंय.”

“आत्ता? अगं, कालच बोलली की ती माझ्याशी. सगळं ग्वाड हाय म्हणली. रोजच म्हणती.”

“व्हय,” पायात चपला सरकवत धुरपदाबाई म्हणाल्या, “म्हणूनच काढ.”