परतीचा आहेर

आमच्या डोंगरावरचं निसर्ग उद्यान राहिलं, तरच गावच्या विहिरींना पाणी. तिथे रिसॉर्ट बांधायला ग्रामसभेची संमती हवी, म्हणून रिसॉर्टच्या मालकाने घरोघरी मिक्सर वाटले. आमची माणसं भांडणात वाघ, पण कुणाचं घेतलं की मिंधी होतात. सभेत हात उठू लागले, तशा जमुनाकाकू उभ्या राहिल्या. "थांबा! आहेर घेतला, परतीचा आहेर कोण करन?" त्यांनी मालकाच्या गळ्यात मानाचा दुपट्टा घातला, मग घराघरातून एकेक दुपट्टा आला. मालक खुशीत फोटोला उभा राहिला. काकू म्हणाल्या, "झाली फिट्टमफाट. आता सांगा, डोंगर द्याचा?" एकही हात उठला नाही. "अहो, माझा सत्कार केलात ना?" मालक गडबडला. "केला ना, भाऊ. सत्कार पाहुण्याचाच करतात." परतताना मी काकूंच्या पाया पडलो. "काकू, माहाच हात पयला उठला होता." "पाह्यला मी. त्याच्यापायीच तर उठली!"