उतरणाऱ्याला टाळ्या

काकू भिंतीवरून उतरल्या आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तरचं तोंड एवढंसं झालं.

टाळ्या वाजवल्या त्या शिष्यांनी. समोर खुर्च्यांवर बसलेले पाहुणे मात्र एकमेकांकडे बघायला लागले. बाई भिंतीवर चढली, काठाशी उभी राहिली, पलीकडच्या कठड्याकडे बघितलं आणि आल्या पावली परत खाली आली. यात टाळ्या पिटण्यासारखं काय घडलं? वसाहतीच्या अध्यक्षबाईंनी तर विचारलंच, "झालं? एवढंच?"

एवढंच नव्हतं हो. पण आज ते सांगायची सोय नव्हती. गोदामामागचं हे अंगण मास्तरच्या पार्कूरच्या वर्गाला द्यायचं की फाटकाला कुलूप ठोकायचं, हे या खुर्च्या आज ठरवणार होत्या. भिंती, कठडे, जिने वाटेत जसे येतील तसे धावत, उड्या मारत ओलांडायचे, ते पार्कूर. लोक त्याला माकडांची शाळा म्हणायचे. मास्तरने ती शाळा दारोदार हिंडून, लोकांची बोलणी खाऊन उभी केली होती. एक पोस्टमन मिळाला, कॉलेजातल्या चार मुली मिळाल्या, गुडघेदुखीवाले एक निवृत्त कारकून मिळाले. आणि लाँड्रीवाल्या काकू.

लाँड्रीत तो पत्रक घेऊन गेला होता, तेव्हा काकूंनी इस्त्री न थांबवताच विचारलं होतं, "आणि ऐन वेळी नाही मारावीशी वाटली उडी, तर?"

"तर खाली उतरायचं. आमच्यात उतरणाऱ्याला टाळ्या पडतात, काकू. पाय मागे घ्यायलाही अक्कल लागते."

इस्त्री थांबली. "आणि कोणी काही बोलत नाही?"

"कोणाची बिशाद आहे!"

तेव्हापासून काकूंचा एक रविवार चुकला नव्हता. बाकी सगळं त्या मन लावून शिकल्या. पडायचं कसं, लोळण घ्यायची कशी, सगळं. पण या भिंतीवरून पलीकडच्या कठड्यावरच्या उडीशी आल्या की काठावर उभ्या राहायच्या, मान हलवायच्या आणि उतरायच्या. टाळ्या पडल्या की पोरीसारख्या लाजून हसायच्या. भित्री आहे बिचारी, असं मास्तर मनात म्हणायचा आणि सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवायचा.

आज पाहुण्यांपुढे त्याला त्याच टाळ्यांची लाज वाटली. कानाच्या पाळ्या तापल्या. त्याने हाताने खूण करून शिष्यांना गप्प केलं, "गंमत करतात हो हे लोक," असं खुर्च्यांकडे बघून हसत सांगितलं आणि काकूंजवळ जाऊन दबक्या आवाजात म्हणाला, "काकू, आजच्या दिवस मारा. सगळे बघतायत. माझी अब्रू तुमच्या हातात आहे."

"आज नको, मास्तर."

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून काकूंचे यजमान ओरडले, "अगं, मार की! चारचौघांत हसं करून घेतेस? ते सांगतायत ते ऐक!"

खुर्च्या खो खो हसल्या. मास्तरही हसला. हसला तो हसला, वर मोठ्याने म्हणाला, "बघा काकू, घरचेही तेच म्हणतायत!"

काकूंनी त्याच्याकडे एकदा बघितलं. मग केस घट्ट बांधले आणि भिंतीवर चढल्या.

काय उडी मारली म्हणून सांगू! ना अडखळणं, ना डगमगणं. पलीकडच्या कठड्यावर दोन्ही पाय असे टेकले की आवाजसुद्धा झाला नाही. मांजर ओट्यावर येतं ना, तशा आल्या. पाहुण्यांनी खुर्च्या दणाणून सोडल्या. अध्यक्षबाई उठून उभ्या राहिल्या. "अंगण तुमचं," म्हणाल्या. मास्तरला आभाळ ठेंगणं झालं. तिकडे यजमान शेजारच्या माणसाला सांगत होते, "मी बोललो ना, म्हणून मारली."

पोस्टमन आपल्या बुटांकडे बघत उभा होता. शिष्यांपैकी एकानेही टाळी वाजवली नव्हती, हे मास्तरच्या लक्षात जरा उशिराच आलं.

खुर्च्या उचलायचं सोडून तो काकूंना शोधत फाटकापाशी गेला. त्या चपला घालत होत्या. वर्गाचे कॅनव्हासचे बूट त्यांनी नाड्या आत खोचून नीट त्याच्या हातात दिले.

"हे आता कोणाला तरी द्या."

"अहो, असं काय करता? एवढी सुरेख उडी मारलीत! आता तर भीतीही गेली."

"भीती कुठे होती? ही उडी मला कधीचीच येते. दुपारी दुकान बंद असलं की एकटी येऊन मारायची मी इथे."

"मग रविवारी उतरत का होतात?"

रस्त्यावरून यजमानांनी हाक मारली. "आले हं," काकू तिकडे म्हणाल्या. मग मास्तरकडे वळल्या. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मास्तरला मान तरी वर करता आली असती.

"दुसऱ्यांनी सांगितलेल्या उड्या घरी रोजच मारते, मास्तर. मी 'नाही' म्हटलं तरीही टाळ्या पडतात, अशी ही एकच जागा होती मला."