एक थेंबही नाही

रक्ताच्या कॅन्सरवरची औषधं सुरू झाल्यापासून सहा वर्षांच्या सर्वेशला साधासुधा जंतूही सोसणार नव्हता. म्हणून जान्हवीने घाटकोपरमधली चार दुकानं पालथी घालून पाण्याचा सगळ्यात भारी फिल्टर निवडला.

"आई, सर्वेशला ह्याशिवाय दुसरं पाणी नाही हं. माठातलंसुद्धा नाही," तिने सासूबाईंना बजावलं.

"अगं, माझा जीव आहे गं तो," असं म्हणत अनुपमाताईंनी त्याच दिवशी माठ उपडा करून गॅलरीत ठेवला. नातवासाठी त्यांनी एकवीस गुरुवारही धरले.

तरी महिन्याभरात सर्वेश तापाने फणफणला. हॉस्पिटलात जान्हवी औषधांच्या रांगेत उभी होती, म्हणून डॉक्टरांनी आजीलाच खोदून खोदून विचारलं, "आजी, नीट आठवा. बाहेरचं, नळाचं, कुठलं पाणी पोटात गेलंय का?"

"देवाशपथ सांगते डॉक्टर, एक थेंबही नाही."



डॉक्टर गेले तसे त्यांनी डोळे पुसले, पिशवीतून छोटी बाटली काढली, आणि सकाळी नळाच्या ताज्या पाण्याने बाळकृष्णाला अंघोळ घातली होती त्याचं तीर्थ, रोजच्यासारखंच, पळीभर सर्वेशला पाजलं.