पडद्यावरचं नवं अक्षर

ती घरीच बसून पुस्तकांची मुद्रितं तपासायची. त्या दुपारी ईमेलने आलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये तिला कुठल्याच वर्णमालेत नसलेलं एक अक्षर दिसलं. बघता बघता ते तिच्या जुन्या फाइलींतही उमटलं.

"व्हायरस असेल का हो, भाऊजी?" तिने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या दिराला विचारलं.

"ईमेलला जोडलेल्या प्रोग्राममधून येतो, वहिनी. नुसत्या मजकुरात चालू होण्यासारखं काही नसतंच," म्हणत तो पडद्याकडे वळला आणि त्याचे ओठ आपोआप हलू लागले.

"तुम्हालाही वाचता येतंय ना?"

त्याने मान डोलावली. दोघांनी ते एकदमच उच्चारलं. इतका सुंदर स्वर त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. तिचे डोळे भरून आले.

पाळण्यातली तिची तान्ही लेक जागी झाली, आणि तिने शांतपणे पुढचं अक्षर उच्चारलं.