साहेबांचा विषय वर्ज्य

वहिनींच्या साठीचा सत्कार ठरला आणि शेजारच्या शिंप्याने छाती ठोकून सांगितलं, "बघाच वहिनी, साहेब फक्त तुमच्यावर बोलणार!" साहेब म्हणजे वहिनींचे पुढारी नवरे आणि त्याचं दैवत.

"दुसऱ्या वाक्याला स्वतःवर घसरतील. लावता पैज?" वहिनी म्हणाल्या. "हरलात तर माईकवर येऊन माझ्यावर बोलायचं. साहेबांचं नावसुद्धा काढायचं नाही."

सभागृह खचाखच भरलं. साहेबांनी घसा खाकरला. "आज माझ्या पत्नीचा साठावा वाढदिवस. मी पहिली निवडणूक लढवली तेव्हा..."

ते पाचव्या निवडणुकीपर्यंत पोचले, तेव्हा पहिल्या रांगेतला शिंपी खुर्चीत पार घसरला होता आणि व्यासपीठावरून वहिनी त्याच्याकडे बघून गालातल्या गालात हसत होत्या.

मुकाट्याने तो माईकपाशी गेला. "साहेबांच्या कृपेने..." वहिनींनी बोट उगारलं. आता बोलायचं काय?

"गल्लीत पाणी शिरलं तेव्हा माझी शिलाई मशीन या वहिनींनी ओढून बाहेर काढली," तो चाचरत म्हणाला. "बायको बाळंतपणात अडली तेव्हा रिक्षा यांनीच आणली. रिक्षावाला का-कू करायला लागला, तर त्याला यांनी असं झापलं, की त्याने भाडंच घेतलं नाही." लोक खो खो हसले. मग गडी असा सुटला, की आवरेना. मागून कुणीतरी ओरडलं, "आमच्या म्हातारीचं पण सांग रे!"

साहेब बायकोकडे झुकले. "अगं, हे सगळं तू केलंस कधी?"

"तुमची भाषणं चालू असायची तेव्हा."